काजळाचे डाग

"दार लाव अगोदर. गार हवा जाते सगळी," आई म्हणाली आणि शेगडीतल्या विस्तवावर तिनं ओवा टाकला.

मी दार लावलं. खिडकी बंदच होती. तिच्या फटींना बाबांनी चिकटपट्टी मारून ठेवली होती. वर भिंतीवर एसी चालू, खाली शेगडी चालू. ओवा तडतडला. मग वावडिंग, मग बाळंतशेपा, मग लसणाची टरफलं. खोली पांढरी झाली. आईनं माझ्या पोराला दोन्ही हातांवर उताणं घेऊन धुरावरून फिरवलं, मग पालथं करून फिरवलं. पोरगा खोकला. महिन्याभराचा जीव, पण खोकला एखाद्या जुन्या विडीवाल्यासारखा. खोकून दमला की छातीतून शिट्टी यायची, बारीक आणि लांब.

"कफ सुटून राहिला," आई म्हणाली. "धुरी लागू पडली त्याले."

दवाखान्यातून घरी आल्यापासून ती हेच म्हणत होती. कफ सुटत नव्हता. शिट्टी वाढत होती, आणि शिट्टी वाढली की धुरी वाढत होती. आधी फक्त सकाळची होती, मग संध्याकाळचीही झाली.

मी खाटेवर पडले. उठून काही म्हणायचं त्राण नव्हतं. बाळंतपणात बाईला आराम असतो म्हणतात. असं म्हणणाऱ्यांनी तो कधी घेतलेला नसतो.

बाहेर बाबांचा फोन वाजला. मला ऐकू येत होतं ते नुसतं "हो, इहीनबाई... हो... बरोबर आहे तुमचं." मग त्यांनी दार किलकिलं केलं. माझ्या सासूबाई रविवारी येणार होत्या, माझ्या नवऱ्याला घेऊन. त्यांचं म्हणणं असं की पोराची छाती वाजते म्हणजे आईचं दूध भारी आहे. त्यांच्या थोरल्या सुनेचं असंच झालं होतं. रविवारपर्यंत फरक पडला नाही तर माझं दूध तोडायचं आणि पोराला डब्याचं सुरू करायचं.

"तुम्ही काय म्हणाले?" मी विचारलं.

"मी काय म्हणू? बायांचं काम आहे हे." दार लावता लावता ते थांबले. "हवा बरोबर येऊन राहिली ना?"

ही गोष्ट वरोऱ्याची, मे महिन्यातली, माझ्या पहिल्या बाळंतपणाची. त्याला आता बरीच वर्षं झाली. माझे वडील दौलतभाऊ मंडपवाले. गावातल्या अर्ध्या लग्नांना मंडप त्यांचा, खुर्च्या त्यांच्या आणि ते ट्रकएवढे कुलरही त्यांचेच. वरोऱ्याचं ऊन ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून उपयोग नाही. दुपारी अंगणातल्या नळाचं पाणी हात भाजतं. बाबांनी हजारो वऱ्हाड्यांना गार करून घरी पाठवलं होतं. पण माझं बाळंतपण माहेरी ठरलं तेव्हा त्यांनी घरात एसी बसवला. लोक विचारायचे, घरात एवढे कुलर पडले असताना एसी कशाला? बाबांचं उत्तर तयार असायचं.

"लेक काय वऱ्हाडात आली आहे का, कुलरसमोर झोपायले?"

एसीवर त्यांनी कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. डोहाळजेवणाला सासरची माणसं आली तेव्हा आधी त्यांना माझ्या खोलीत नेलं आणि रिमोट सासूबाईंच्या हातात दिला. नवाकोरा, कंपनीचा, असं चारदा सांगितलं. सासूबाईंच्या घरी तेव्हा कुलरच होता. त्यांनी बटण न दाबताच रिमोट परत दिला.

पोरगा बघायला बाया यायच्या, त्या बसायच्या मात्र एसीच्या तोंडासमोर. पदर सैल करून, डोळे मिटून. पोराच्या हातावर काहीतरी ठेवायच्या आणि म्हणायच्या, "नशीबवान आहे व माय, फ्रिजमध्येच जन्मला."

आणि मग सगळ्या माझ्याकडं वळायच्या. काय खाल्लं? दही खाल्लं का? केळ खाल्लं का? परवा टरबूज कोणी दिलं? कोणी दिलं नव्हतं. मी डिंकाचे लाडू, बाजरीची भाकर आणि मेथीची भाजी एवढ्यावर जगत होते, पाणीसुद्धा उकळलेलं. तरी रोज नवीन गुन्हा सापडायचा. एका बाईनं तर मी नववा लागल्यावर आइस्क्रीम खाल्लं होतं हे शोधून काढलं. घरात एखादी वस्तू बिघडली की माणसं तिची तार तपासतात. पोर बिघडलं की बाईचं ताट तपासतात.

डॉक्टरकडं नेलं होतं. डॉक्टर तरुण होता, घाईत होता. त्यानं थेंब दिले. पोराच्या डोळ्यांतलं काजळ पाहून आईला झापलं, हे बंद करा म्हणाला. मग मला विचारलं, घरात कोणी विडी ओढतं का, कुठं ओल आहे का? मी तोंड उघडायच्या आधी आई म्हणाली, "ओल कुठली? एसी आहे आमच्याकडं."

डॉक्टरनं मान हलवली आणि पुढच्याला बोलावलं.

काजळाचं मी सांगते, कारण सगळं तिथूनच उलगडलं. आई काजळ घरी करायची. एरंडेलाचा दिवा, वर तांब्याची ताटली. पोराच्या डोळ्यांत घालायची आणि गालावर, कपाळावर, तळपायावर तीट लावायची, एवढी ठळक की दृष्टीच काय, पोरगाच दिसू नये. त्याच्या टोपड्यावर, दुपट्यावर काळे ठिपके पडायचे. बारीक, मोहरीपेक्षाही बारीक. आई दुपटं झटकत म्हणायची, तीट टिकतच नाही याची, भारी वळवळ्या आहे. धुवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठिपके.

डॉक्टर ओरडल्यापासून आई घाबरली आणि काजळ खरंच बंद केलं. तीटही बंद. डबी देवळीत ठेवून दिली.

ठिपके बंद झाले नाहीत.

दुपारची वेळ होती. आई जेवायला गेली होती. मी पोराला पाजून आडवं केलं आणि त्याच्या पांढऱ्या टोपड्यावर एक ठिपका पाहिला. मी त्याच्याकडं बघत राहिले. मला वाटलं, जुना असेल, धुतल्यावर गेला नसेल. मग माझ्यासमोर दुसरा पडला. गालावर. मी बोटानं पुसला तर तो काजळासारखा पसरला नाही, बुळबुळीत लागला. नाकाशी नेला. पाऊस संपल्यावर गोदामात बाबांच्या मंडपाच्या कनाती घडी करून पडलेल्या असतात, त्या उघडताना जो वास येतो तो.

मी वर पाहिलं.

त्या खोलीत सगळी माणसं खाली बघायची. पोराकडं, शेगडीकडं, माझ्या ताटाकडं. दिवसभर उताणं पडून वर बघायचं काम एकट्या माझ्याकडं होतं. त्या एसीचं तोंड मला पाठ झालेलं होतं. पण बघत असूनही मी ते बघितलं नव्हतं. हवा जिथून येते ती पट्टी आतल्या बाजूनं काळी होती. आधी मला वाटायचं ती सावली आहे. सावली हलते. ही हलत नव्हती.

खाटेवर उभी राहून मी बोट घातलं. बोट काळं होऊन आलं.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. बोट धुतलं नव्हतं, दाखवलं. बाबांनी ते दुरूनच पाहिलं. "कोळशाची धूळ आहे," ते म्हणाले. आमच्याकडं हे उत्तर कुठंही लागू पडतं, खाणी जवळच आहेत. खिडकीला चिकटपट्टी लावलेल्या खोलीत कोळसा कुठून आला, असं मी विचारलं. ते म्हणाले, कोळशाला दार लागत नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. या वेळी म्हणाले की मेकॅनिक चंद्रपूरहून यावा लागतो, सीझन आहे, तो आता येत नाही. मी म्हटलं, मेकॅनिक कशाला, झाकण मीच काढते. त्यांनी रिमोट उचलून खिशात टाकला. माझे बाबा. आयुष्यात माझ्या हातातून त्यांनी कधी काही काढून घेतलं नव्हतं.

मग मी पोराला घेऊन ओसरीत कुलरसमोर जाऊन बसले. आईनं मला उठवलं. बाळंतिणीनं वारा खाऊ नये.

"मग आतमध्ये काय आहे?" मी म्हटलं. "तोही वाराच आहे ना?"

"तो एसीचा आहे," आई म्हणाली. "तो बाधत नाही."

विकतचा वारा बाधत नाही. मला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं, आणि रडले म्हणून आईनं शेजारच्या काकूला सांगितलं की अलकाचं डोकं थोडं हलकं झालं आहे, बाळंतपणात होतं असं. रात्रभर जागते बिचारी. त्यानंतर मी जे जे बोलले ते सगळं त्या खात्यात जमा झालं.

एकदा आईच्या मागं लागून मी एसी बंद करवला. दार-खिडकी तशीच बंद, त्यामुळं खोलीची भट्टी झाली. पोराच्या मानेवर घामोळ्या उठल्या, तो कळवळून रडला. आईनं बाबांकडून रिमोट आणून पुन्हा लावला आणि माझ्याकडं असं पाहिलं की जणू पोराला मीच चिमटा घेतला होता. रात्री पायाला तेल चोळताना समजावलं तिनं मला. बापानं एवढ्या हौसेनं केलं, त्याचं मन मोडू नको. पाहुण्यांसमोर तर मुळीच नको.

शनिवारी बाबा कनाती मोजत होते, तिथं जाऊन मी तिसऱ्यांदा सांगितलं. त्यांनी मोजणं थांबवलं नाही. एवढंच म्हणाले, "उद्याचा दिवस जाऊ दे अलके. पाव्हणे गेले की पाहू."

उद्याच्याच दिवशी माझं दूध तोडणार होते.

सासूबाई आल्या त्या सकाळच्या बसनं. सोबत माझा नवरा मोरेश्वर. चांगला माणूस; त्याच्या चांगुलपणाचा कुणाला कधी त्रास झाला नाही, उपयोगही झाला नाही. सासूबाईंच्या हातात ओल्या फडक्याची पुरचुंडी होती. मोगरा. मला वाटलं गजरा आणला. त्यांनी पुरचुंडी आईच्या हातात दिली आणि समजावून सांगितलं, फुलं छातीशी घट्ट बांधायची, रोज ताजी, चार-पाच दिवसांत दूध आटतं. पिशवीतून दुधाचा डबा काढून खिडकीत ठेवला. बाटलीही आणली होती.

मग त्यांनी पोराला घेतलं, कान त्याच्या छातीला लावला आणि डोळे मिटून ऐकत राहिल्या. मी त्यांच्याकडं पाहत होते. त्या दुष्ट नव्हत्या. त्यांना नातू जगायला हवा होता. त्या खोलीतल्या प्रत्येकाला तो जगायला हवा होता, त्यासाठी प्रत्येक जण काही ना काही करत होता, आणि तो गुदमरत होता.

"वाढली आहे," त्या म्हणाल्या. "बांध व इहीन, आताच बांध."

"मी बांधणार नाही," मी म्हणाले.

सासूबाईंनी पोरावरून मान वर केली.

"नाही म्हणजे?"

"मामी," मी सासूबाईंना म्हणाले, "माझ्या दुधाला काही झालं नाही."

"मग पोट्ट्याच्या छातीत काय वाजून राहिलं?" त्यांचा आवाज चढला नाही. "माझी तुझ्याशी दुश्मनी आहे का? तू सांग काय वाजून राहिलं, मी फुलं घेऊन जातो परत."

आई म्हणाली की हिला झोप नाही, तुम्ही हिच्या बोलण्यावर जाऊ नका. मोरेश्वर दारातूनच म्हणाला, ऐक ना, थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे. दूध म्हणजे काय सुट्टीवर जाऊन परत येणारा नोकर आहे का, हे मी त्याला नंतर कधीतरी विचारलं. तेव्हा विचारायला शक्ती नव्हती. जी होती ती गोळा करून मी खाटेवर चढले. टाके ओढले गेले. दोन्ही हातांनी एसीचं पुढचं झाकण धरलं, स्वस्तिकावरच अंगठा आला.

"अलके, उतर," बाबा दारातून म्हणाले. हळूच म्हणाले. ती विनंती होती. मला वाटलं, ते मी पडेन म्हणून म्हणताहेत.

मी झाकण ओढलं.

आत जाळी असते म्हणतात. जाळी दिसत नव्हती. धुरीच्या तेलकट काजळीचा थर, त्यावर धूळ, आणि त्या थरावर काळी-हिरवी बुरशी, लोणच्याच्या बरणीवर येते तशी केसाळ. वास खाली आला तशी सासूबाईंनी पदर नाकाला लावला. पोराला छातीशी धरून त्या एका पावलात दाराबाहेर गेल्या आणि मोरेश्वरच्या हातात पोर देऊन परत आल्या. जवळ येऊन स्वतः बोट लावून पाहिलं. मग त्यांची नजर माझ्या हातातल्या झाकणावर गेली. झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता, छापील, अर्धा फाटका. त्यांना वाचता येत होतं. त्यांनी मोठ्यानं वाचलं.

"रूम नंबर सात. बाहेर जाताना एसी बंद करावा. लॉजिंग-बोर्डिंग, चंद्रपूर."

मी बाबांकडं पाहिलं. तेव्हा मला कळलं की त्यांनी माझ्या हातातून रिमोट का काढून घेतला होता. ते कोळशाच्या धुळीला घाबरत नव्हते, मेकॅनिकच्या सीझनलाही नाही. ते या कागदाला घाबरत होते, आणि हा कागद आत आहे हे त्यांनाही पक्कं ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की आत काहीतरी दुसऱ्याचं आहे.

"नवा म्हणाले होते ना," मोरेश्वर दारातून म्हणाला. त्याला खरंच फक्त माहिती हवी होती.

बाबा भिंतीला टेकले. मांडवात शंभर माणसांवर ओरडणारा माणूस, तो फरशीकडं बघत उभा राहिला.

"इवाई," सासूबाई बाबांना म्हणाल्या, "कुलरमध्ये ठेवलं असतं तरी मी काही बोलली नसती. माझ्या घरी कुलरच आहे. लॉजमधली हवा काहून लावली माझ्या नातवाले?"

आई त्या जाळीकडं बघत होती. तिनं हात वर करून थोडी काजळी खरवडली, चोळली, वास घेतला. ओव्याचा वास ओळखायला तिला वेळ लागला नाही. ती शेगडी उचलून बाहेर गेली आणि बराच वेळ आत आलीच नाही.

खिडकीची चिकटपट्टी मी काढली. ऊन आत आलं.

पोरगा एका दिवसात बरा झाला नाही. आम्ही ओसरीत राहिलो, वाळ्याच्या ताट्या लावून, मंडपातला एक मोठा कुलर दूर ठेवून. डॉक्टरला या वेळी मी एकटीनं सगळं सांगितलं. तो म्हणाला, हे मला आधी का सांगितलं नाही? मी म्हटलं, तुम्ही विचारलं तेव्हा उत्तर मला देऊ दिलं नाही. त्यानं औषध बदललं, धूर बंद, तो एसी बंद. हळूहळू खोकला उतरला, आणि एका सकाळी मी कान लावला तर आत काही वाजत नव्हतं. फक्त श्वास.

सासूबाईंनी ती गोष्ट त्यांच्या गावी सगळीकडं सांगितली. पुढं कितीतरी वर्षं लग्नकार्यात बाबा दिसले की कुणीतरी हळूच विचारायचं, रूम नंबर सात खाली आहे का? बाबा हसण्यावारी न्यायचे. मोगरा दुसऱ्या दिवशी आईनं देवाला वाहिला. माझ्या दुधाबद्दल जे बोलले होते ते मात्र कुणी मागं घेतलं नाही. आईनं नाही, सासूनं नाही, त्या बायांनी तर नाहीच. एसी खराब होता हे सगळ्यांना पटलं. माझं दूध चांगलं होतं हे कुणी तोंडातून काढलं नाही. दोन वेगळ्या गोष्टी होत्या त्या.

सासरी जायच्या आदल्या संध्याकाळी मी ओट्यावर बसले होते. पोरगा शेजारी झोपला होता. बाबा गोदामातून आले, तिथंच पायरीवर बसले. चपला काढल्या नाहीत.

"तू मले एकट्याले सांगायचं होतं अलके," ते म्हणाले. "चारचौघांत नाही."

"एकट्यालाच सांगितलं होतं, बाबा. तीनदा."

त्यांनी पायरीवरची धूळ हातानं झाडली.

"आयकलं होतं मी," ते म्हणाले. "मले वाटलं, तुले झोप नाही, म्हणून बोलून राहिली."

"झोप नव्हती म्हणूनच तर दिसलं."

पोरगा उठला, तोंड इकडं तिकडं फिरवायला लागला, मग रडला. भुकेचं रडणं होतं, मोकळ्या छातीतलं. मी त्याला घेतलं, पदर ओढला आणि तिथंच पाजायला लागले. बाबा गडबडून उठले, आत जायला निघाले.

"बसा," मी म्हणाले.

ते बसले, रस्त्याकडं तोंड करून. पोरगा पोट भरेपर्यंत प्यायला, आणि तोवर ते हलले नाहीत.